तीन अंगांची खिडकी

घर बांधणारा मनुष्य भिंतीविषयी फारसा विचार करीत नाही. ते काम गवंड्यावर सोपवून तो मोकळा होतो. दार कोणत्या दिशेला असावे यासाठी मात्र चार जाणत्यांचा सल्ला घेतला जातो. खिडकीचे भाग्य या दोहोंच्या मधले. ती असावी यावर सर्वांचे एकमत असते. तिला काय लावावे याविषयी घरात जितकी डोकी तितकी मते. आमच्या वऱ्हाडात तर उन्हाळा लागला की उजेडाची ही वाट उन्हाचीच वाट होऊन बसते. पारा ४४-४५ अंशांना टेकला म्हणजे खिडकी उघडी ठेवावी तर झळा, बंद ठेवावी तर काळोख आणि उकाडा. या पेचातून मार्ग काढण्यासाठी आपल्या वाडवडिलांनी जी वस्तू योजिली ती लाकडी झडप. आज जुन्या घरांतून ती झपाट्याने नाहीशी होत आहे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या धर्मगुरुनिवासातील एका जुन्या खिडकीसाठी नव्या झडपा निवडण्याचे काम आमच्याकडे आले. वरकरणी ते आठवड्याभराचे. प्रत्यक्षात त्याने आमचा सबंध हिवाळा घेतला. त्या निमित्ताने जे पाहिले, मोजले आणि विचारले ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटते. अशी खिडकी आपल्यापैकी पुष्कळांच्या जुन्या घरी असेल, आणि तिच्यामागे बसणारे कोणीतरीही असेल.

आमचे निवासस्थान वाशीम जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, जुन्या वस्तीच्या कडेला आहे. इंग्रजी अमदानीत वाशीम हे ‘बासिम’ या नावाने वऱ्हाडातील एका जिल्ह्याचे ठाणे होते. १९०५ साली तो जिल्हा मोडण्यात आला आणि त्याचा मोठा भाग अकोल्याला जोडला गेला; १ जुलै १९९८ रोजी वाशीम पुन्हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्या पहिल्या काळातील अंमलदारांच्या बंगल्यांचा थाट पाहून आसपासच्या सधन व्यापाऱ्यांनीही आपल्या घरांना साहेबी वळण दिले. आमचे घर अशाच एका कापसाच्या व्यापाऱ्याचे. भिंती दीड फूट जाडीच्या, वीट-चुन्याच्या, वर कौले, मागे वऱ्हाडी पद्धतीचे अंगण आणि विहीर, पुढे मात्र इंग्रज ज्याला बे विंडो म्हणतात ती खिडकी. भिंतीची रेषा सोडून ती रस्त्याच्या बाजूला तीन फूट पुढे आली आहे. तिला तीन अंगे आहेत. मधले रुंद अंग पश्चिमेस, एक अरुंद अंग वायव्येस, दुसरे नैर्ऋत्येस. तिच्या पोटात एक आरामखुर्ची सहज मावते.

प्रत्येक अंगाला वर दोन व खाली दोन अशा चार, म्हणजे एकूण बारा झडपा होत्या. वरच्या झडपांना तिरप्या पट्ट्यांची झिलमिली आणि खालच्या झडपा सपाट फळ्यांच्या. हिरव्या रंगाखाली निळा, निळ्याखाली आणखी एक हिरवा असे रंगाचे थर त्यांवर चढले होते. बारांपैकी पाच झडपा वाळवीने पोखरल्या होत्या, चारांच्या पट्ट्या गळाल्या होत्या. तीनच तेवढ्या धड होत्या.

या खिडकीत आमच्यासोबत राहणारे एक वयोवृद्ध धर्मगुरू बसतात. त्या वेळी त्यांचे वय ८४ वर्षांचे होते. चाळीस वर्षे त्यांनी या भागातील खेडी सायकलने पालथी घातली. आता गुडघे साथ देत नाहीत. दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूंची शस्त्रक्रिया झाली असल्यामुळे दिसते ठीक, पण प्रखर उजेडाची तिरीप सोसत नाही. तिसऱ्या प्रहरी चार वाजता ते खुर्चीत येऊन बसतात ते दिवेलागणीपर्यंत. शाळा सुटलेली मुले हात हलवून जातात. आठवडी बाजाराहून परतणाऱ्या बाया टोपले खाली ठेवून दोन शब्द बोलतात. आमच्या ध्यानात आलेली एक गोष्ट अशी की, जो मनुष्य दाराशी येऊन घंटी वाजविण्यास संकोचतो तो खिडकीशी सहज थांबतो. सुनेचे गाऱ्हाणे, मुलाचे व्यसन, सावकाराचा तगादा या गोष्टी त्या गजांमधूनच आत आल्या आहेत; आणि त्यांत आपल्या धर्मग्रामातली माणसे थोडी, गावातली इतर अधिक. उपदेशकाच्या ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात वार्धक्याचे जे रूपक आहे त्यात अधू होणाऱ्या डोळ्यांना खिडकीतून पाहणाऱ्यांची उपमा दिली आहे. सेमिनरीत ते रूपक आम्ही अभ्यासले होते; त्याचा अर्थ या खुर्चीकडे पाहून अधिक कळला.

झडपांचा विषय सभेपुढे ठेवला तेव्हा तीन सूचना आल्या. पहिली सूचना सर्वांत सोपी: पश्चिमेची खिडकी हेच उकाड्याचे मूळ, तेव्हा ती विटांनी बुजवावी, फादरांना मागच्या खोलीत हलवावे आणि तेथे कूलर बसवावा. दुसरी सूचना सरकत्या काचांच्या ॲल्युमिनियम खिडकीची; काच काळसर घेतली म्हणजे ऊन लागणार नाही, वाळवीची भीती नाही, दरवर्षी तेलपाणी नाही. तिसरी सूचना होत्या तशाच झडपा नव्या सागात करून घेण्याची. तिन्ही सूचना सद्भावनेने आलेल्या होत्या. एका तरुण सभासदाने मात्र असा प्रश्न विचारला की त्याने सभा क्षणभर स्तब्ध झाली. आपल्या धर्मग्रामातील निम्मी कुटुंबे टिनाच्या पत्र्याखाली उन्हाळा काढतात. अशा वेळी एका खिडकीला सागवान लावणे शोभते काय? या प्रश्नाला बगल देऊन काही ठरविणे आम्हांस योग्य वाटले नाही. म्हणून निर्णय पुढे ढकलला आणि आधी खिडकी म्हणजे काय ते नीट पाहून घेण्याचे ठरविले.

आमच्या या प्रदेशाला खिडकीचा अभिमान नवा नाही. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेचा राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात अजिंठ्याचे सोळावे लेणे भिक्षूंच्या निवासासाठी करविले. तेथील शिलालेखात त्या वास्तूच्या शोभेचे वर्णन करताना खिडक्यांचा आणि दारांचा आवर्जून उल्लेख आला आहे. संन्यस्तांसाठी घर बांधणाऱ्या मंत्र्यास खिडकी ही सांगण्याजोगी गोष्ट वाटली हे वाचून आम्हांस मौज वाटली. लाकडाच्या टिकाऊपणाविषयी ज्यांना शंका असेल त्यांनी कार्ल्याचे चैत्यगृह पाहावे. छताच्या लाकडी फासळ्या तेथे सुमारे दोन हजार वर्षे ऊन-पावसाच्या आड सुरक्षित राहिल्या आहेत. जवळचे पाहावयाचे तर आमच्या जिल्ह्यातील कारंजा हे वेशींचे गाव आहे. तेथील जुन्या वाड्यांतून हिंडताना लाकडाची खिडकी म्हणजे गृहस्थाची प्रतिष्ठा होती हे पदोपदी जाणवते.

गोव्यातील आपल्या बांधवांनी याच प्रश्नाचे निराळे उत्तर काढले. पोर्तुगीज काळातील घरांच्या खिडक्यांना त्यांनी काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ चौकोन लाकडी पट्ट्यांत बसविले. त्यांतून उजेड दुधासारखा मऊ होऊन येतो, तिरीप येत नाही. परंतु शिंपल्यांतून वारा येत नाही आणि पलीकडचे दिसतही नाही. वऱ्हाडातील शेतकऱ्याची रीत आणखी साधी. तो पऱ्हाटीच्या किंवा तुराटीच्या काड्यांचा कूड उभारतो. राहत्या खोलीचा कूड शेणामातीने लिंपतो, पण गोठ्याचा किंवा ओसरीचा कूड पुष्कळदा तसाच ठेवतो. काड्यांमधून वारा येतो, ऊन तुटून येते, आणि आत बसलेल्याला बाहेरचा मनुष्य दिसतो, बाहेरच्याला आतला दिसत नाही. आमच्या मते झिलमिलीची सगळी विद्या त्या न लिंपलेल्या कुडात आहे. सुताराने तिला एवढीच जोड दिली की काड्या हलत्या केल्या.

आता उन्हाचा हिशेब. वाशीम सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. म्हणून मे महिन्याच्या वीस तारखेच्या सुमारास आणि पुन्हा जुलैच्या तिसऱ्या आठवड्यानंतर सूर्य माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो. डोक्यावरच्या उन्हाला छज्जा पुरतो. पश्चिमेचे ऊन मात्र आडवे येते. त्याला छज्जा अडवू शकत नाही. त्यातही सूर्य वर्षभर एकाच ठिकाणी मावळत नाही. जूनच्या अखेरच्या पंधरवड्यात तो पश्चिमेच्या सुमारे २५ अंश उत्तरेकडे मावळतो आणि डिसेंबरात तितकाच दक्षिणेकडे. सपाट भिंतीतल्या खिडकीला याने फारसा फरक पडत नाही. तीन अंगांच्या खिडकीला फार पडतो. उन्हाळ्याची संध्याकाळ मधल्या आणि वायव्येच्या अंगावर चाल करून येते, हिवाळ्याची मधल्या आणि नैर्ऋत्येच्या. पावसाळ्यात वारा नैर्ऋत्य-पश्चिमेकडून येतो आणि त्यासोबत पावसाचा मारा त्याच अंगांवर. म्हणजे ही एक खिडकी दिसत असली तरी वस्तुतः त्या तीन खिडक्या आहेत, आणि तिघींना एकाच नमुन्याच्या झडपा लावणे हे तीन भिन्न प्रकृतीच्या रोग्यांना एकच मात्रा देण्यासारखे आहे.

ॲल्युमिनियमच्या सूचनेचा निकाल येथेच लागला. काच उन्हाला आत येऊ देते. आत आलेले ऊन जमिनीवर, भिंतीवर, खुर्चीवर पडून उष्णता होते आणि ती उष्णता तितक्या सहजतेने बाहेर जात नाही. काळी काच काही ऊन स्वतः पिते व तापते, आणि तापलेली काच खोलीकडेही तोंड करून असतेच. आतून पडदा लावला तरी तोपर्यंत ऊन घरात शिरलेले असते. ऊन अडवावयाचे तर ते चौकटीच्या बाहेरच अडविले पाहिजे. शिवाय सरकत्या खिडकीचा अर्धा भाग नेहमी बंदच राहतो. वाऱ्याच्या दृष्टीने निम्मी खिडकी गमवावी लागते. जाड भिंतींच्या घराला वारा फार हवा असतो, आणि तो रात्री हवा असतो. दिवसभर झडपा लावून ऊन बाहेर ठेवावे, रात्री सर्व उघडून भिंती निवू द्याव्यात, सकाळी पुन्हा लावाव्यात: वऱ्हाडी गृहिणीचा हा जुना परिपाठ आहे, आणि कोरड्या हवेच्या प्रदेशात तो शास्त्राला धरून आहे. खिडकी विटांनी बुजविली असती तर दुपारचे ऊन टळले असते खरे. रात्रीचा वाराही टळला असता.

मग राहिल्या लाकडी झडपा. त्या कशा असाव्यात हे ठरविण्यासाठी आम्ही एका मिस्त्रींना बोलाविले. सत्तरीच्या घरातले हे गृहस्थ. झिलमिली करणारे त्या पंचक्रोशीत आता तेच एक उरले आहेत; इतरांचे हात प्लायवूड आणि लॅमिनेटवर बसले आहेत. त्यांनी जुन्या झडपेवर बोटाने टकटक केले, पटाशीने रंगाचा टवका उडवून आतले लाकूड पाहिले आणि म्हणाले, “फादर, हे लाकूड अजून जित्तं हाये.” मग त्यांनी विचारले की येथे बसते कोण. आम्ही खुर्चीकडे बोट केले. त्यांनी फादरांना खुर्चीत बसविण्याची विनंती केली, टेप काढला आणि जमिनीपासून फादरांच्या डोळ्यांपर्यंतचे अंतर मोजले. ते तीन फूट आठ इंच भरले.

या एका मापाने सगळा आराखडा बदलला. आमच्या खिडकीचा उंबरा जमिनीपासून दोन फुटांवर आहे, आणि खालच्या-वरच्या झडपांचा सांधा साडेचार फुटांवर. व्यापाऱ्याने खाली फळ्या आणि वर झिलमिली केली ती उभ्याने व्यवहार पाहणाऱ्या मालकासाठी, आणि खाली बसलेल्या घरच्या बायांचा आडपडदा राखण्यासाठी. बसलेल्या माणसाचे डोळे बरोबर फळीसमोर येत. बाहेर पाहावयाचे तर खालची झडप पूर्ण उघडणे भाग, आणि ती उघडली की चार वाजताचे सगळे ऊन मांडीवर. फादर इतकी वर्षे डोळ्यांवर हात धरून माणसांशी का बोलत होते याचे कारण त्या दिवशी उघड झाले.

मिस्त्रींनी पुढे जे समजाविले ते आम्ही आमच्या शब्दांत सांगतो. झिलमिलीच्या पट्ट्यांचा उतार बाहेरच्या बाजूस खाली असतो. त्यामुळे पावसाचे पाणी बाहेर निथळते. परंतु त्याहून मोठा लाभ असा की, आत बसलेल्याची नजर पट्ट्यांच्या फटींतून खाली रस्त्याकडे जाते आणि आकाशाकडची बाजू झाकली जाते. आमच्या घराचे जोते रस्त्यापासून तीन फूट उंच आहे. ऊन वरून येते, माणसे खालून येतात. पट्टी नेमकी या दोहोंची फारकत करते. सूर्य अगदी क्षितिजाशी टेकला म्हणजे मात्र हा उपाय चालत नाही. तेवढा अर्धा तास पट्ट्या मिटाव्या लागतात. आमच्या सुदैवाने रस्त्यापलीकडे एक मोठा कडुलिंब आहे आणि त्या वेळेपुरता तो झडपेचे काम करतो.

अखेर तिन्ही अंगांचा निर्णय वेगवेगळा झाला. मधल्या अंगाच्या खालच्या झडपेत तळाशी एक फूट फळी आणि त्यावर हलती झिलमिली, म्हणजे डोळ्यांसमोर पट्ट्या येतात. वरच्या झडपेत स्थिर पट्ट्या. वायव्येच्या अंगाला वर आणि खाली दोन्हीकडे हलती झिलमिली, कारण उन्हाळ्यातली संध्याकाळची झुळूक फादरांना तेथूनच मिळते. नैर्ऋत्येच्या अंगाला खाली सपाट फळ्या, वर झिलमिली. पावसाचा मारा फळीने सोसावा आणि डिसेंबरातले कोवळे ऊन हवे तेव्हा झडप सताड उघडून घ्यावे.

तीन अंगांच्या खिडकीची आणखी एक अडचण कोपऱ्याची. झडपा बाहेर उघडावयाच्या तर सपाट भिंतीत त्या मागे वळून भिंतीला टेकतात. येथे दोन अंगांच्या मध्ये भिंतच नाही, फक्त कोपऱ्याचा खांब आहे. मधल्या अंगाची दोन फूट रुंदीची झडप पूर्ण उघडली तर ती शेजारच्या खिडकीसमोर आडवी येते आणि वादळात पंखासारखी फडफडते. मिस्त्रींनी ती झडप एकेक फुटाच्या दोन दुमडत्या भागांत केली. दुमडून ती खांबाशी काटकोनात उभी राहते आणि आकड्याने अडकविली की वाऱ्याला दाद देत नाही. जुन्या झडपांत ही सोय नव्हती. बिजागऱ्या उखडलेल्या होत्या त्या याच खांबांशी.

लाकडाचा प्रश्न पैशाचा होता, म्हणून त्यात सभेतील तरुणाचा प्रश्नही होता. बल्लारशाकडून येणाऱ्या नव्या चांगल्या सागाचा खर्च ॲल्युमिनियमच्या दुपटीहून अधिक निघाला. तेवढा खर्च करण्यास आमचे मन धजेना. मिस्त्रींनीच तोड काढली. पाडलेल्या वाड्यांच्या तुळया आणि दारे जुन्या बाजारात विकावयास येतात. हा साग कित्येक दशके वाळलेला असतो; त्यात ओलावा नसल्यामुळे तो नंतर पिळत नाही. घेताना चार गोष्टी पाहावयाच्या: कडेचे फिकट पांढरे लाकूड तासून टाकून गाभा किती उरतो, कारण वाळवी प्रथम पांढऱ्यावर तुटून पडते आणि सागाच्या तेलकट गाभ्याला सहसा लागत नाही, टोकांच्या चिरा किती खोल आहेत, आत मोडलेले खिळे आहेत काय, आणि रेषा सरळ आहे की गाठाळ. धड असलेल्या तीन जुन्या झडपा आम्ही राखल्या. वाळवी लागलेल्यांतूनही निरोगी पट्ट्या वेचून घेतल्या. नऊ झडपांपुरतेच लाकूड घ्यावे लागले आणि खर्च ॲल्युमिनियमच्या जवळपास आला.

तरीही प्रश्न उरतोच, आणि त्याला उत्तर आम्ही सभेत असे दिले. टिनाच्या घरात राहणाऱ्यांचा उन्हाळा या खिडकीने थंड होणार नाही. पण ज्या माणसाकडे ते आपले दुःख घेऊन येतात तो त्यांना तेथे सापडेल, आणि जो पैसा खर्च होईल त्यातील बहुतेक कारखान्याकडे न जाता याच गावातील एका सुताराच्या घरी जाईल. तरुणाने ते ऐकून घेतले आणि एक अट घातली: मिस्त्रींसोबत गावातील दोन मुलांनी काम शिकावे. ती अट सर्वांना मान्य झाली. दोघांपैकी एक महिन्याभरात कंटाळून गेला, दुसरा टिकला. त्याने पुढे आपल्या घराच्या पत्र्याखालच्या खिडकीला बाभळीच्या लाकडाची एक साधी, स्थिर पट्ट्यांची झडप स्वतः करून लावली. ती ओबडधोबड आहे. पण दुपारी त्याची आजी त्या खिडकीशी बसून तूर निवडते.

काम चालू असता ज्या बारीकसारीक गोष्टी कळल्या त्यांपैकी काही वाचकांच्या उपयोगाच्या आहेत. जुन्या घराचा जुना रंग कोरडा घासू नये. पूर्वीच्या तेलरंगांत शिसे असे. २०१६ च्या नियमांनी घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपुरते मर्यादित केले, पण तुमच्या-आमच्या दारांवरचे थर त्याआधीचे आहेत. ती धूळ लहान मुलांना फार अपायकारक. रंग ओला करून खरवडावा, तोंडाला फडके बांधावे, खरवडलेला रंग अंगणात पसरू देऊ नये. पट्ट्यांची जाडी तीन सूत आणि रुंदी दोन इंच ठेवली म्हणजे त्या वाकत नाहीत आणि जडही होत नाहीत. पट्ट्यांच्या टोकांच्या खुंट्या पितळी असाव्यात. लोखंड गंजून फुगते आणि पट्टी अडकते. चौकटीचे सांधे खिळ्यांवर न सोडता कुसू आणि खाच करून त्यात लाकडी खुंटी ठोकावी. पट्ट्या हलविणारी उभी दांडी आतल्या बाजूस आणि बसलेल्याच्या हाताशी असावी. फादरांच्या बोटांत संधिवात आहे, म्हणून आमच्या दांडीला लिंबाएवढी लाकडी मूठ बसविली.

रंग द्यावा की तेल, यावरही वाद झाला. आम्ही उकळलेले जवसाचे तेल निवडले. जवस हे विदर्भाचे जुने पीक. त्याचे तेल लाकडात मुरते, थर करून राहत नाही, म्हणून पुढे खरवडण्याचा प्रसंग येत नाही. मात्र एक सावधगिरी पाळावी. तेलाने माखलेली फडकी गोळा करून ठेवू नयेत. जवसाचे तेल वाळताना तापते आणि तसा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फडकी पाण्यात भिजवून मग टाकावीत.

झडपा लागून आता दोन उन्हाळे झाले. त्यांचे गुण सांगितले, तसे उणेही सांगितले पाहिजे. काळ्या मातीची धूळ पट्ट्यांवर रोज बसते आणि ओल्या फडक्याने एकेक पट्टी पुसण्यास अर्धा तास जातो. डासांसाठी आतून जाळीची सुटी चौकट लावावी लागली. मे महिन्यात खोली थंडगार होते असे म्हणता येणार नाही. कूलर दुपारी लागतोच, पण पूर्वीपेक्षा कमी वेळ लागतो. पहिल्या वर्षी एका चिमणीने वरच्या स्थिर पट्ट्यांत घरटे मांडले आणि दीड महिना ती झडप हलविण्यास फादरांनी मनाई केली.

परंतु ज्यासाठी हा खटाटोप केला ते साधले आहे. चार वाजता फादर मूठ धरून पट्ट्या अर्ध्या उघडतात आणि कपाळावर हात न धरता रस्त्याकडे पाहतात. कोणी मनातले बोलू लागले की ते दांडी किंचित वर करतात. पट्ट्या मिटत येतात. रस्त्यावरून जाणाऱ्याला आतला चेहरा दिसत नाही, आणि बोलणाऱ्याला आपल्याकडे कोणी पाहत आहे असे वाटत नाही. हा उपयोग आम्ही योजिलेला नव्हता, मिस्त्रींनीही सांगितलेला नव्हता. तो त्यांनी आपल्या चाळीस वर्षांच्या अनुभवातून काढला.

वाचकहो, धर्मगुरू हा कोणत्याही घराचा मालक नसतो. आज ना उद्या आमची बदली होईल आणि या खोलीत दुसरे कोणी येतील. त्यांना ही खिडकी त्रासदायक वाटू नये म्हणून घराच्या वहीत आम्ही एक पान लिहून ठेवले आहे. त्यात मापे आहेत, मिस्त्रींकडे शिकलेल्या त्या मुलाचे नाव आहे, आणि खाली तीन सूचना आहेत: दर दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर जवसाचे तेल द्यावे; मृगापूर्वी पितळी खुंट्या तपासाव्यात; आणि झडपेत काही बदल करावयाचा झाल्यास प्रथम खुर्चीत कोण बसते ते पाहून त्याच्या डोळ्यांची उंची पुन्हा मोजावी.